दाढेचं वळण

कॅलिको फोर्क, कोलोरॅडो
८ सप्टेंबर

चि. इला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे तू ठेवून गेलेली गाडी, माझा रक्तदाब आणि व्हर्न टिलरी एवढ्या तीन गोष्टी वगळून. त्यातला व्हर्न ठणठणीत आहे, आणि तीच माझी मुख्य तक्रार आहे.

परंतु शास्त्राचा क्रम असा की आधी लघु, मग गुरू. म्हणून आधी कॉफीप्रकरण. तुझी आई माझ्या कॉफीत बोट घालते. हे मी रूपकात्मक लिहीत नाही. सकाळी मी पेपर उघडून बसलेला असतो. ती भांडं घेऊन येते, कप पुढे ओढते, तर्जनी कपाच्या आत कडेशी टेकवते आणि ओतते. कॉफी बोटाला लागली की थांबते. मी विचारलं, "मार्लिस, हा कुठला नवा आचार?" तर म्हणाली, "कप सांडला की तूच बोंबलतोस." मी बोंबलत नाही, हे तुला माहीत आहे. मी साधार निषेध नोंदवतो. तसा नोंदवला. त्यावर म्हणाली, "माझ्या बोटाची एवढी किळस असेल तर स्वतः ओतून घे, ट्रिम." आता तीस वर्षांच्या संसारानंतर स्वतः कॉफी ओतून घेणं म्हणजे घटस्फोटाची पहिली पायरी. तेव्हा पितो आहे.

दुसरा दोष असा की बोलताना ती माझ्या कानाकडे बघते. उजव्या. केस वाढले असतील म्हणून मी आरशात बघितलं. वाढले होते, कापले. तरी कानाकडेच. तिसरा दोष तुझा. जुलैत तू आईला पत्त्यांचा जो जोड आणून दिलास, त्यावरचे आकडे हत्तीच्या पावलाएवढे आहेत. हातात तेरा पानं धरली की मी बालवाडीत बसल्यासारखा दिसतो. त्यात ती जिंकते, हे वेगळंच.

आता गुरू.

आपलं किराणा मंडळ तुला आठवतच असेल. मोठ्या चाकांचे जीपवाले पहिल्यांदा आपल्याला जंगलरस्त्यावर भेटले, तेव्हा त्यातला एक दाढीवाला खिडकीतून ओरडला होता, "काय आजोबा, वाट चुकलात? किराण्याचं दुकान तिकडं खाली आहे!" तेव्हापासून आपल्या छोट्या गाड्यांच्या जमावाने तेच नाव अभिमानाने लावलं. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, पोट जमिनीपासून वीतभर वर असतं, आणि चालवणारे साठीकडे झुकलेले. आपण काही डोंगर फोडायला जात नाही. टायरमधली थोडी हवा सोडायची, सावकाश वर जायचं, सँडविच खायचं, उतरायचं, एवढंच. जिथं वाट अवघड असते तिथं एकानं उतरून पुढे उभं राहायचं आणि हातांनी खुणा करायच्या. चालवणाऱ्यानं जमिनीकडे बघायचं नाही, फक्त त्या हातांकडे. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. आणि हे हात आपल्या मंडळात एकोणीस वर्षं तुझ्या आईचे आहेत.

काल आम्ही मेंढवाड्याच्या रस्त्याने वर गेलो. मागे व्हर्न, त्याच्यामागे हॅडली नावाची नवीन मुलगी, इथल्या दवाखान्यात नर्स आहे, सोबत तिचं तान्हं बाळ. दाढेच्या वळणावर तुझी आई उतरली. (त्या दगडाला 'दाढ' हे नाव व्हर्ननेच दिलं. निवृत्त दंतवैद्याकडून दुसरी काय काव्यशक्ती अपेक्षावी.) नेहमीचा नारिंगी रुमाल गळ्यात, दोन्ही हात वर. मीही नेहमीप्रमाणे काचेआडून जीभ काढून दाखवली. तुला लहानपणापासून माहीत आहे, मी जीभ काढायची आणि तिनं मूठ उगारायची, त्याशिवाय आपली गाडी दाढ ओलांडत नाही. काल तिनं मूठ उगारली नाही. म्हटलं, मागे नवीन माणूस आहे, बाई पोक्तपणा दाखवते आहे.

"ये. ये. तुझ्या डावीकडे. अजून थोडी. बरोबर आहे, ये बिनधास्त."

मी बिनधास्त आलो. खालून असा आवाज झाला की माझ्याच बरगड्या मोडल्या असं वाटलं.

व्हर्न आला. गुडघ्यावर बसला, मान तिरकी करून गाडीखाली बघितलं. चाळीस वर्षं लोकांचे जबडे बघायची सवय, त्याला वाटलं असेल आता गाडी 'आ' करील.

"खालचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलं," तो म्हणाला. "मार्लिस, तू कुठं बघत होतीस?"

"दगडाकडे."

"दगड तिथं नाहीच आहे. ऑगस्टच्या ढगफुटीत हातभर आत सरकलाय. आपण सगळ्यांनी बघितलाय."

"मग दगडाला सांग," आई म्हणाली, "की न विचारता जागा सोडत जाऊ नकोस."

सगळे हसले. हॅडली तर बाळाला धरून हसली. व्हर्न हसला नाही. उठला, गुडघे झटकले आणि चारचौघांच्या देखत, बाळाच्याही देखत, म्हणाला, "मार्लिस, अस्पेनच्या शनिवारी कड्यावर तू उभी राहायचं नाहीस. मी राहीन."

इला, अस्पेनचा शनिवार. वर्षातून एक दिवस, अस्पेनची झाडं पिवळी झाली की, अख्खं मंडळ त्या कड्यावरून पलीकडे जातं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि मधल्या कोपऱ्यावर नारिंगी रुमालातली तुझी आई. तू तिसरीत होतीस तेव्हापासून प्रत्येक गाडी तिच्या हातांखालून गेली आहे. गेल्या वर्षी गारा पडत होत्या, तरी शेवटची गाडी जाईपर्यंत ती हलली नाही. तिला देवळात जायची सवय नाही. तिचं जे काही आहे ते तो कोपरा आहे. आणि हा दातपाड्या तो काढून घेतो, आणि कशावरून, तर पंधरा डॉलरच्या प्लॅस्टिकवरून!

मी म्हटलं, "व्हर्न, चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घातलीस, आता नाक खुपसतोयस."

तर त्याने जूनमधलं मढं उकरलं. तेव्हा अरुंद पट्ट्यात समोरून एक जीप आली होती, आणि त्या माणसानं शिरस्त्याप्रमाणे खिडकीबाहेर बोटं धरली होती, की माझ्यामागे अजून इतक्या गाड्या आहेत. तुझी आई आपल्याकडे वळून म्हणाली, "हाच शेवटचा, चला." पुढच्याच वळणावर उरलेल्या जीपा नाकासमोर. व्हर्नला अर्धा फर्लांग उलटं जावं लागलं. झालं होतं, मान्य. पण बोटं मोजण्यात कुणाची चूक होत नाही? याने किती जणांचे चुकीचे दात उपटले असतील, ते कुणी विचारलं का?

पुढच्या मंगळवारी रूबीच्या हॉटेलात मंडळाची बैठक आहे. तिथं मी हा विषय रीतसर मांडणार आहे, आणि व्हर्नची अशी शोभा करणार आहे की त्याला पुन्हा 'कडा' हा शब्द उच्चारायची लाज वाटावी. बाई माझी आहे. कोपरा तिचा आहे. तो मी परत आणणार.

हे सगळं तुझ्या आईला न येणाऱ्या मराठीत लिहिण्याचं कारण तुला कळलं असेल. ती आत्ता मागून आली आणि म्हणाली, "इलाला लिहितोस? वाचून दाखव की." अलीकडे तिला सगळंच वाचून दाखवावं लागतं, बिलं, पाकिटं, रूबीचं मेनूकार्डसुद्धा, म्हणते, तुझा आवाज मास्तरांचा आहे, वाया का घालवतोस. मी म्हटलं, "हवामानाविषयी लिहितोय."

"केवढं रे हवामान," ती म्हणाली.

एक गोष्ट मात्र मला टोचते आहे. तुझी आई रागावली की समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून बघते, आणि समोरचा वितळतो. मी अनेकदा वितळलो आहे. काल तिनं व्हर्नकडे तसं बघितलं नाही. घरी येताना माझ्याकडेही नाही. हातमोजे काढले, मांडीवर ठेवले, "चल" म्हणाली. तिनं रागवायला हवं होतं. ती रागवत नाही म्हणून दोघांचा राग मी एकटा वाहतो आहे, आणि माझी पाठ आधीच दुखते.

तब्येतीस जप. मिनिआपोलिसची थंडी येतेच आहे.

तुझा
बाबा


कॅलिको फोर्क
२५ सप्टेंबर, गुरुवार

चि. इला हिस आशीर्वाद.

'अनेक' आणि 'उत्तम' ही विशेषणं या खेपेला राखून ठेवली आहेत. का, ते पुढे येईल.

माझ्या एवढ्या लांब पत्राला तुझं फोनवर इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर आलं: "बाबा, व्हर्नच्या नादी लागू नकोस. तो काय म्हणतो ते एकदा ऐक तरी." ते वाचून माझं डोकं फिरलं. पोटची पोर, आणि शत्रुपक्षाची वकिली करते! त्या रागात मी जी बैठक गाजवली, ती गाजवायला नको होती.

पण गाजवली. सविस्तर सांगतो, कारण त्यानंतर अभिमान वाटावा असं माझ्या हातून काही झालेलं नाही.

रूबीने पीचचा पाय, म्हणजे फळ भरून भाजलेली गोड रोटी, कापून ठेवला होता. मी उभा राहिलो. कॉलेजात मला वर्षाला दीड विद्यार्थी मिळायचा, त्यामुळे साठलेलं सगळं वक्तृत्व त्या टेबलावर ओतलं. म्हणालो, एकोणीस वर्षांत हिच्या हाताखाली एका गाडीचा आरसासुद्धा तुटलेला नाही. म्हणालो, एक दगड सरकला म्हणून माणूस काढायचा असेल तर या डोंगरात शिल्लक कोण राहील? म्हणालो, कोपऱ्यावर माणूस उभं राहतं ते विश्वासाने, आणि विश्वास म्हणजे दात नव्हे, किडला म्हणून उपटला. टाळ्या पडल्या. तुझी आई बाजूला बसून काट्याने बशीतला पाय शोधत होती. मला वाटलं, लाजली आहे. हॅडली म्हणाली, "मला मार्लिसच हवी. माझा पहिलाच कडा आहे, मागे बाळ असणार. तिच्या आवाजानं मला धीर येतो." मतं घेतली. व्हर्न सोडून सगळे हात वर.

बाहेर गाड्यांपाशी तो मला गाठून म्हणाला, "ट्रिम, तुम्हा मास्तरांना जिंकायची फार सवय असते."

"आणि तुला हरायची होईल हळूहळू."

"होईल. एकच सांग. खुणा करते तेव्हा तू तिच्या हातांकडे बघतोस, की तिच्याकडे?"

मी म्हटलं, "व्हर्न, माझं पूर्ण नाव त्र्यंबक आहे. म्हणजे तीन डोळ्यांचा. दोन्हीकडे बघून एक उरतो."

तो गाडीत बसला, पट्टा लावला आणि गेला. मी मात्र घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. तुझ्या आईला म्हटलं, "परत मिळवला तुझा कोपरा." ती म्हणाली, "थँक्यू, ट्रिम." माझ्या कानाला म्हणाली.

परवा मंगळवारी, शनिवारच्या आधी रस्ता बघून येऊ म्हणून आम्ही दोघंच वर गेलो. फाटलेलं आवरण मी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलं आहे. दिसतं भयंकर, पण टिकतं. हवा अशी स्वच्छ होती की डोंगर धुऊन वाळत घातल्यासारखे. अस्पेन पिवळे होऊन थरथरत होते. मी म्हटलं, "काय पेटलाय बघ तो उतार." ती म्हणाली, "हो ना, सुंदर." पण तिचं तोंड दुसऱ्याच उताराकडे होतं. त्या उताराला सगळे देवदार, हिरवेगार.  माणूस किती वेळ काही न बोलता राहू शकतो, याचा मी त्या दिवशी विक्रम केला.

दाढेपाशी ती उतरली. काठी घेऊन उतरली. म्हणाली, गुडघा धरतो. दगडाजवळ जाऊन तिनं काठीनं त्याला दोन-तीनदा ठोकून बघितलं, बुटानं चाचपलं, मग आपल्या जागी येऊन हात वर केले. या वेळी दगड नेमका लक्षात ठेवला होता तिनं. खुणा अगदी अचूक. "ये. उजवीकडे. थोडी. ये."

मी जीभ काढली.

ती नुसती "ये, ये" करत राहिली. मूठ नाही, हसू नाही.

मी गाडी थांबवली आणि काचेजवळ सरकून पुन्हा काढली, अगदी हनुवटीपर्यंत. डोळे तिरळे केले. कानाला हात लावून माकड झालो. त्या रानात अठ्ठावन्न वर्षांचा एक संस्कृतचा प्राध्यापक माकडचेष्टा करत होता, आणि त्याच्या बायकोचा चेहरा गंभीर, प्रेमळ आणि पूर्ण रिकामा होता. "का थांबलास?" ती ओरडली. "बरोबर येतोयस की!"

मग मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोटं दाखवली. चार. तिनं मला अंगठा वर करून दाखवला. "हो, ठीक आहे, ये!"

मी आलो. गाडीला काही लागलं नाही. ती दार चाचपून उघडून आत बसली, काठी मागे टाकली, पट्टा लावताना बकल दोनदा चुकलं. मग माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "आज जीभ काढायला विसरलास वाटतं."

"हो," मी म्हटलं. "विसरलो."

"म्हातारा झालास."

इला, आता तुझ्याकडे येतो. जुलैत तू पत्ते आणून दिलेस. हत्तीच्या पावलाएवढ्या आकड्यांचे पत्ते कुणी गंमत म्हणून आणत नाही. ते मिळतात ती दुकानं वेगळी असतात. म्हणजे तुला ठाऊक होतं. माझ्या नाकासमोर माझ्या घरात बसून तुम्ही मायलेकी डाव मांडत होतात, आणि मी तिसरा भिडू, आकड्यांची थट्टा करत होतो. तिनं तुला शपथ घातली असेल. घातली असेल! शपथांचं पावित्र्य मला शिकवू नकोस. "व्हर्न काय म्हणतो ते ऐक" एवढी दोन ओळींची पळवाट काढलीस, आणि तिथं मी टेबलावर मूठ आपटून तुझ्या आईला कड्याच्या कोपऱ्यावर उभी करून आलो. मागे बाळ असलेल्या पोरीला तिच्या हातात देऊन आलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू एक वाक्य मराठीत लिहिलं असतंस. मी तुला ही भाषा त्यासाठीच शिकवली होती, की तिच्यापासून लपवून काही सांगायचं झालं तर सांगता यावं. तू तीच भाषा माझ्यापासून लपवायला वापरलीस, म्हणजे न वापरून.

मी फार रागावलो आहे. हे वाक्य नीट वाच. तुझ्यावर, तिच्यावर, व्हर्नवर, त्या दगडावर. ढगफुटीवरसुद्धा. ती झाली नसती तर दगड जागचा हलला नसता, तिची आठवण बरोबर ठरली असती, आणि आम्ही सगळे शनिवारी तिच्या आठवणीच्या भरवशावर कड्यावरून गाड्या नेल्या असत्या. एकोणीस वर्षांपैकी शेवटचं वर्ष, कदाचित दोन, ती रस्ता बघत नव्हती. ती रस्ता आठवत होती. काय अफाट स्मरण असेल! माझ्या गुरुजींना दशग्रंथ पाठ होते, त्याचं आम्हाला कौतुक. हिला दगडन् दगड पाठ.

वर्गात मी पोरांना अंधपंगुन्याय समजावून सांगायचो. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, एकाचे डोळे, दुसऱ्याचे पाय, दोघं मिळून गावाला पोचतात. आपल्या गाडीचं उदाहरण द्यायचो, पोरं हसायची. आता बघ. ज्यानं जमिनीकडे बघायचं नाही असा दंडक तो मी, आणि जिला बघता येत नाही ती ती. आंधळ्यावर आंधळा, पांगळा कुणीच नाही, आणि दोघंही मजेत चालले आहेत वर.

तुझी ओपल आजी आठवते? तुझ्याशी बोलताना खिडकीकडे तोंड करून बसायची. तू पाच वर्षांची होतीस, रडून म्हणालीस, "आजीला मी आवडत नाही." तेव्हा तुझ्या आईनंच तुला मांडीवर घेऊन समजावलं होतं, की आजीच्या नजरेच्या बरोबर मध्ये एक भोक पडलंय. ज्याच्याकडे ती सरळ बघते तो नाहीसा होतो, म्हणून तुला बघायचं असलं की ती तुझ्या शेजारी बघते. हे मी शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं. ऐकून विसरलो. आजीनं शेवटची अकरा वर्षं त्या खुर्चीत काढली, आणि तुझी आई रोज संध्याकाळी तिथून येऊन गाडी काढून डोंगरावर जायची. तिला त्या खुर्चीविषयी आपल्या दोघांपेक्षा जास्त माहिती आहे. म्हणून ती बोलली नाही. हे मला समजतं. समजतं म्हणून राग जातो असं नाही.

आज सकाळी मी व्हर्नला फोन केला.

"व्हर्न, बैठकीतला माझा ठराव मी मागे घेतो."

तो मग म्हणाला, "हं. बघितलंस तर."

"तुला जूनपासून ठाऊक होतं. मला येऊन का नाही सांगितलंस? मर्दासारखं, एकट्याला?"

"तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग. मी म्हटलं चारचौघांत बोलावं, तू भडकशील, भडकलास की घरी जाऊन विचार करशील. ते भाषण करशील असं नव्हतं वाटलं." मग म्हणाला, "भाषण चांगलं होतं पण."

"गप्प बस."

"तिला कोण सांगणार?"

"मी."

"मी येऊ?"

"आलास तर तुला गाडीखाली घालीन."

"बरं," तो म्हणाला. "हॅडलीला मी बघतो. कोपऱ्यावर मी उभा राहीन. आणि ट्रिम, शनिवारी तिला आण. माझ्या शेजारी उभी राहू दे. मला तो रस्ता तिच्याएवढा पाठ नाही."

बरोबर असलेल्या माणसावर रागावून राहणं हे फार कष्टाचं काम आहे, आणि त्यात तो वर सभ्यपणाही दाखवायला लागला तर माणसानं करायचं काय? मी फोन ठेवला, आपटून ठेवता येत नाही असले फोन हल्ली, म्हणून नुसता ठेवला.

आत्ता ती अंगणात गाडी धुते आहे, शनिवारसाठी. मी खिडकीतून बघतो आहे. कडेकोपरे, चाकं, छत, सगळं लख्ख झालंय. दाराच्या मधोमध चिखलाचा एक मोठा गोल तसाच राहिला आहे; ती त्याच्याभोवती फडकं फिरवते आहे. नारिंगी रुमाल इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. थोड्या वेळात आत येईल, बोट बुडवून कॉफी ओतेल, मी ती पिईन आणि तिला सांगेन. उद्यावर ढकलणार नाही. ढकललं तर परवा शनिवार आहे.

मला तिच्या डोळ्यांची भीती वाटत नाही, इला. त्याला डॉक्टर आहेत, काठ्या आहेत, हत्तीचे पत्ते आहेत. ती ओरडेल, त्याचीही नाही. ओरडावंच तिनं. तिचा कोपरा मी काढून घेणार आहे, तोच मी, जो परत आणून देत होतो.

भीती एवढीच आहे की मी सांगितल्यावर ती खरी रागावेल. आणि रागावली की ती डोळ्यात डोळे घालून, सरळ बघते. ती सवयीनं माझ्याकडे सरळ बघेल, आणि तिथं मी नसेन.

ये.

बाबा